कथा तपासायची कशी? वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

कथालेखनाच्या तपासणीबद्दल पुण्यातल्या शिक्षकांची आणि पालकांची बरीच पत्रं आली आहेत. त्यांतली काही निवडून इथे उत्तरं देत आहोत.

प्रश्न : सातवीच्या माझ्या तुकडीत ५२ मुलं आहेत. कथा तपासायला बसलं की जवळजवळ सगळ्यांना १० पैकी ६ किंवा ७ गुण पडतात. खरोखर चांगली कथा आणि जेमतेम कथा यांत एका गुणाचा फरक राहतो. शिवाय पहिल्या वह्या एका नजरेने तपासल्या जातात आणि शेवटच्या दुसऱ्याच. काय करावं?
शिक्षिका, हडपसर

उत्तर : अख्ख्या कथेला मिळून एकच आकडा द्यायचा म्हटलं की असं होतं. अक्षर, शुद्धलेखन, लांबी, कल्पना आणि त्या मुलाबद्दलचं आपलं आधीचं मत हे सगळं एकत्र होतं आणि हात मधल्या आकड्यावर थांबतो. म्हणून १० गुणांची फोड आधी करा. सातवीसाठी आम्ही ही सुचवतो : कथानकाला ३, पात्रांना २, प्रसंगातले तपशील आणि संवाद यांना २, निवेदनाच्या सुसंगतीला १ आणि लेखननियमांना २.

फोड केल्याने अर्धंच काम होतं. प्रत्येक गुणाचा अर्थ वाक्यात लिहून ठेवायला हवा. कथानकाचे ३ गुण कधी? पात्राला काहीतरी हवं आहे, त्यात अडचण येते, पात्र त्यावर काही करतं आणि त्या करण्यामुळेच शेवट घडतो, तेव्हा. अडचण आहे पण ती बाहेरून सुटते (पोलीसकाका येतात, अचानक मामा भेटतो, किंवा 'तेवढ्यात मला जाग आली') तर २. घटना नुसत्या एकापुढे एक मांडल्या आहेत, मधली एखादी काढली तरी काही बिघडत नाही, तर १. गोष्टच नाही, वर्णन किंवा निबंध आहे, तर ०. दोन घटनांमधल्या 'मग'च्या जागी 'म्हणून' किंवा 'पण' बसतं का ते बघा. बहुतेक ठिकाणी बसत असेल तर कथानक आहे. ही कसोटी मुलांनाही शिकवा, ती स्वतःच्या खर्ड्यावर लावायला त्यांना आवडतं.

पात्रांचे २ गुण पात्राच्या वागण्याबोलण्यातून स्वभाव कळला तर द्या. 'राजू खूप हुशार आणि प्रामाणिक होता' एवढंच असेल तर १. तपशिलांचंही तसंच. 'तो खूप घाबरला' हे सांगणं झालं. 'हातातल्या तिकिटाची घडी घालून घालून त्याचा चुरा झाला' यात घाबरणं दिसतं. असे दोन-तीन तपशील जागच्या जागी असले तर २ गुण पुरेत. विशेषणांची माळ लावली म्हणून गुण वाढवू नका, मुलं लगेच तेवढंच शिकतात. निवेदनाच्या एका गुणासाठी दोनच गोष्टी बघायच्या : 'मी'ने सुरू झालेली कथा मध्येच 'तो' होते का, आणि भूतकाळ मध्येच वर्तमानकाळ होतो का. अर्धे गुण टाळा. अर्ध्या गुणाची सोय असली की निर्णय पुढे ढकलला जातो आणि पुन्हा सगळे मधोमध येतात.

हे निकष कथा लिहून घेण्याच्या आधी फळ्यावर लागले पाहिजेत. आणि दिलेला विषय त्या निकषांना वाव देणारा हवा. 'प्रामाणिकपणाचे फळ' असा विषय दिला तर शेवट शिक्षकांनीच ठरवला, मुलाने काही निवडायचं उरलंच नाही. त्याऐवजी परिस्थिती द्या : स्वारगेटला कात्रजची म्हणून बस पकडली, खिडकीबाहेर बघितलं तर ती शिवाजीनगरच्या दिशेने चाललेली. सोबत धाकटी बहीण आहे आणि खिशात २० रुपये आहेत. यातून ५२ वेगळ्या कथा येऊ शकतात आणि त्यांची तुलनाही करता येते. सातवीला १५० ते २०० शब्द पुरतात. एका तासिकेत ५ मिनिटं आराखडा, २५ मिनिटं लेखन, ५ मिनिटं स्वतःचं वाचून बघणं. दोन तासिका मिळाल्या तर फारच चांगलं : पहिलीत खर्डा, दुसरीत पक्की प्रत.

आता तपासणी. पहिलं वाचन पेन हातात न घेता करा आणि वह्यांचे तीन गठ्ठे करा : कथा उभी राहिली, अर्धीमुर्धी उभी राहिली, राहिलीच नाही. एका कथेला एक मिनिट पुरतं. मग प्रत्येक गठ्ठ्यातून एक-एक नमुना कथा काढून निकषांप्रमाणे तिचे गुण ठरवा आणि ती समोर ठेवा. बाकीच्या वह्या त्या नमुन्यांशी ताडून तपासा. हजेरीपटाच्या क्रमाने तपासू नका, नाहीतर शेवटच्या क्रमांकांच्या वाट्याला दर वेळी तुमचा थकवाच येतो. वह्या पिसून घ्या, नावं झाकली जातील अशा ठेवा. सगळं झालं की पहिल्या आठ-दहा वह्या पुन्हा काढा. मोजमाप सरकलं असेल तर तिथेच कळतं.

हेच निकष पाचवीला आणि नववीला जसेच्या तसे लावू नका. पाचवीत एक प्रसंग नीट क्रमाने सांगता आला तरी कथानकाचे पूर्ण गुण द्यावेत. नववीत मात्र गोष्ट कोण सांगतंय, त्याला काय माहीत आहे आणि काय नाही, इथपर्यंत जायला हवं.

प्रश्न : शुद्धलेखनाचे गुण किती कापायचे? माझ्या वर्गात सोलापूर, बीड, लातूरकडून आलेल्या घरांतली मुलं आहेत. कथेत ती 'कुठं निघालास रं', 'मला न्हाई ठावं' असं लिहितात. काही मुलांच्या घरी हिंदी किंवा तेलुगू बोलतात.
शिक्षक, येरवडा

उत्तर : १० पैकी २, त्याहून जास्त नाही. आणि तेही पक्क्या प्रतीवर, खर्ड्यावर अजिबात नाही. खर्ड्यावर लाल खुणा झाल्या की मूल पक्की प्रत लिहिताना तेवढ्याच खुणा दुरुस्त करतं, कथेला हातही लावत नाही. वर पुढच्या वेळी ज्या शब्दांची खात्री आहे तेवढेच वापरतं. कथेचं यापेक्षा मोठं नुकसान नाही.

तीच चूक दहा वेळा झाली तरी ती एकच चूक. 'मुलानी, झाडाना, लोकाना' लिहिणाऱ्याला अनेकवचनी सामान्यरूपावरचा (प्रत्यय लागताना शब्दाचं जे रूप होतं त्यावरचा) अनुस्वार हा एकच नियम कळलेला नाही, त्याच्या दहा चुका मोजायच्या नसतात. मराठी साहित्य महामंडळाचे लेखननियम १९६२ मध्ये १४ होते, १९७२ मध्ये ४ वाढून १८ झाले. सगळे एकाच कथेवर तपासू नका. त्या महिन्यात जे दोन शिकवले तेवढेच तपासा, उदाहरणार्थ शब्दाच्या शेवटचा इकार-उकार दीर्घ (पाणी, वस्तू) आणि सामान्यरूपात उपान्त्य, म्हणजे मूळ शब्दातलं शेवटून दुसरं अक्षर, ऱ्हस्व होणं (गरीब–गरिबाला, फूल–फुलाला). कथेसाठी अवतरणचिन्हं आणि प्रत्येक नव्या बोलणाऱ्यासाठी नवी ओळ, हे मात्र नेहमी बघावं. ते चुकलं की कोण बोलतंय तेच कळत नाही.

बोलीबद्दल आमचं मत स्पष्ट आहे. पात्राच्या तोंडची बोली ही चूक नाही, ती पात्रचित्रणाची बाजू आहे आणि नीट साधली असेल तर तिथे गुण मिळायला हवेत. निवेदकच बोलीत गोष्ट सांगत असेल तरीही गुण कापायचे नाहीत, फक्त ती शेवटपर्यंत टिकते का ते बघायचं. अडचण येते ती 'आनी', 'पानी' अशा जागी. निवेदन प्रमाण भाषेत चाललं आहे आणि मध्येच 'पानी' आलं तर तो लेखननियमाचा मुद्दा. आजी 'पानी' म्हणते आणि शाळेतल्या बाई 'पाणी' म्हणतात, असं कथेत दिसलं तर मुलाने ते ठरवून केलं आहे. शंका असेल तर त्याला विचारा, 'हे मुद्दाम असं लिहिलंस का?' अर्ध्या मिनिटाचं काम आहे. सरसकट सगळं प्रमाण करून दिलं तर येरवड्यातलं मूल आपल्या आजीची गोष्ट लिहायची सोडून पुस्तकातल्या आजीची लिहायला लागेल.

घरी दुसरी भाषा असलेल्या मुलांच्या चुका वेगळ्या असतात : 'माझा पुस्तक', 'ती बस आला'. लिंग आणि क्रियापद जुळत नाही. याची वेगळी नोंद ठेवा आणि वेगळा सराव द्या. त्यासाठी कथानकाचे आणि पात्रांचे गुण कमी करू नका.

प्रश्न : माझ्या सहावीतल्या मुलीच्या कथेत एका मुलीला वर्गात ५०० रुपये सापडतात. ती ते परत करत नाही, दप्तरात लपवते आणि रात्रभर जागी राहते. कथा तिथेच संपते. बाईंनी 'बोध नाही, शेवट अपूर्ण' म्हणून ३ गुण कापले. हे बरोबर आहे का?
पालक, कोथरूड

उत्तर : प्रश्नात काय मागितलं होतं ते आधी बघा. मुद्द्यांवरून कथा लिहायला सांगून शीर्षक आणि तात्पर्य द्या असं म्हटलं असेल, तर तात्पर्याचा गुण जाणं योग्य आहे. पण एखादा गुण, तीन नव्हेत. 'कथा लिहा' एवढंच म्हटलं असेल तर बोध नाही म्हणून गुण कापता येत नाहीत. बोधकथा हा कथेचा एक प्रकार आहे. प्रत्येक कथेने तात्पर्य सांगितलंच पाहिजे असा नियम नाही.

तुम्ही सांगितलेला शेवट आम्हाला अपूर्ण वाटत नाही. मुलीने निर्णय घेतला आणि त्याचा परिणाम झोप उडण्यात दिसला. शेवट अपूर्ण केव्हा म्हणायचा? सुरुवातीला उभा केलेला प्रश्न कथा विसरून गेली तर. पैशांची गोष्ट सुरू होऊन सहलीवर संपली असती, तर ती अपूर्ण.

बाईंशी बोलताना गुण वाढवून मागू नका, निकष विचारा : 'शेवट कशावरून बघता? पुढच्या वेळी तिने कशाकडे लक्ष द्यावं?' या प्रश्नांची उत्तरं मुलीच्या उपयोगाची आहेत. आणि कृपा करून घरी तिची कथा 'सुधारून' देऊ नका. परत केलेले पैसे आणि मुख्याध्यापकांनी दिलेली शाबासकी जोडली की कथा गुळगुळीत होईल आणि तिची राहणार नाही.

प्रश्न : एकाच इयत्तेच्या दोन तुकड्या आम्ही दोघी तपासतो. अदलाबदल करून पाहिली तर एकाच कथेला एकीचे ४ आणि दुसरीचे ८. कोणाचं बरोबर?
दोन शिक्षिका, धायरी

उत्तर : हा अनुभव फार जुना आहे. १९१२ साली अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या संशोधकांनी इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शाळाशाळांत तपासायला पाठवली, तेव्हा तिला १०० पैकी ६४ पासून ९८ पर्यंत गुण पडले. दोघींपैकी कोण चुकतंय हे शोधण्यापेक्षा मोजमाप एक करणं उपयोगाचं.

त्यासाठी तपासणीच्या आधी पाऊण तास एकत्र बसा. सहा कथांच्या नावं काढलेल्या झेरॉक्स घ्या : दोन चांगल्या, दोन मध्यम, दोन कमकुवत, आणि त्यांत एक सुंदर अक्षरातली पण पोकळ, एक गिचमिड अक्षरातली पण सकस असू द्या. न बोलता गुण द्या आणि मग आकडे एकदम उघड करा. आधी एकीने सांगितले की दुसरी नकळत तिकडे सरकते. जिथे फरक २ किंवा जास्त आहे तेवढ्याच कथांवर बोला आणि बोलताना कथेतल्या वाक्यावर बोट ठेवा. 'मला आवडली' हे कारण नाही. 'बहिणीचा हात सोडून तो कंडक्टरकडे जातो, इथे निर्णय आहे' हे कारण आहे. वाद मिटला की निकषाचं वाक्य त्याप्रमाणे दुरुस्त करा. पुढे तपासताना दर दहावी वही एकमेकींकडे द्या. एका गुणाचा फरक चालतो, त्याहून मोठा असेल तर थांबून बोला.

स्पर्धेसाठी क्रमच लावायचा असेल तर गुण देऊच नका. दोन कथा शेजारी ठेवून 'यातली सरस कोणती?' एवढंच ठरवा, मग दुसरी जोडी घ्या. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लुई थर्स्टन यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या तुलनेच्या पद्धतीवर हे आधारलेलं आहे. तीन-चार परीक्षकांत वाटून प्रत्येक कथा साधारण १० जोड्यांत आली की क्रम बराच स्थिर होतो. कोणती कथा किती चांगली हे सांगण्यापेक्षा दोनांतली सरस कोणती हे माणूस जास्त खात्रीने सांगतो. या पद्धतीत मुलाला सुधारणेसाठी काही मिळत नाही, त्यामुळे ती वर्गातल्या रोजच्या कामाची नाही.

प्रश्न : शेरे लिहिण्यात तास जातात आणि मुलं फक्त गुण बघून वही मिटतात. शेरा कसा लिहावा की ती वाचतील?
शिक्षक, चिंचवड

उत्तर : खर्ड्यावर गुण लिहूच नका. रूथ बटलर या संशोधिकेचा १९८८ मधला अभ्यास या बाबतीत नेहमी सांगितला जातो : ज्या मुलांना फक्त शेरे मिळाले त्यांचं पुढचं काम सुधारलं. ज्यांना शेरे आणि गुण दोन्ही मिळाले त्यांना शेऱ्यांचा फायदा जवळजवळ झाला नाही. आकडा दिसला की वाचन थांबतं. गुण पक्क्या प्रतीवर द्या.

'छान', 'सुधारणा हवी', 'अजून खुलवता आले असते' हे शेरे नाहीत. मुलाला त्यातून काय करायचं ते कळत नाही. शेरा तीन वाक्यांत संपवा. पहिल्यात वाचक म्हणून तुम्हाला काय मिळालं ते, मुलाचंच वाक्य घेऊन. दुसऱ्यात एक प्रश्न. तिसऱ्यात पाच मिनिटांत होईल असं एक काम. उदाहरणार्थ : 'बहीण खिडकीच्या गजाला कपाळ टेकवून गप्प बसते, तिथे मला तिची भीती कळली. पण दादाला बस चुकल्याचं नेमकं कधी कळतं? ती जागा शोध आणि तिथे त्याची दोन वाक्यं वाढव.' एका कथेला एकच काम. पाच कामं दिली तर मूल सर्वांत सोपं करतं, आणि सर्वांत सोपं म्हणजे शुद्धलेखन.

वेळेचा हिशेब करा. ५० वह्या, प्रत्येकी ३ मिनिटं, म्हणजे अडीच तास. दर कथेला ते शक्य नाही आणि गरजही नाही. एका वेळी १२-१३ मुलांना असा पूर्ण शेरा द्या, पुढच्या कथेला पुढच्या १२-१३ जणांना. चार कथांत वर्ग पूर्ण होतो. बाकीच्या वह्या वाचताना एका कागदावर तीन समान उणिवा टिपा आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर त्यांचंच १० मिनिटांचं काम घ्या. कोणाची ओळ वाचून दाखवणार असाल तर आधी त्याला विचारा, आणि वाचायची ती साधलेली ओळ. चुकीचा नमुना स्वतः तयार करा.

जोडीवाचनही चांगलं चालतं, पण मुलांनी एकमेकांना गुण देऊ नयेत, त्यात मैत्री आणि भांडणं मोजली जातात. ऐकणाऱ्याने तीनच प्रश्नांची उत्तरं द्यायची : गोष्ट कोणाची? त्याला काय हवं होतं? कुठे काही कळलं नाही?

आकारिक, म्हणजे वर्षभर वर्गात चालणाऱ्या, मूल्यमापनातल्या वर्णनात्मक नोंदीला उणिवा टिपलेला तो कागद उपयोगी पडतो. 'कथा चांगली लिहितो' याऐवजी 'प्रसंग क्रमाने सांगतो, संवादांतून पात्र दाखवतो, शेवट घाईत आटोपतो' अशी नोंद पुढच्या वर्षीच्या शिक्षकांनाही काही सांगते.

प्रश्न : एका विद्यार्थ्याला लेखनाची अध्ययन अक्षमता आहे. तोंडी गोष्ट उत्तम सांगतो, लिहितो मात्र चार ओळी.
शिक्षिका, कर्वेनगर

उत्तर : त्याची गोष्ट तोंडी ऐका किंवा ध्वनिमुद्रित करा आणि कथानक, पात्रं, तपशील, निवेदन या ८ गुणांचं मूल्यमापन त्यावरून करा. लिहिण्याचं उद्दिष्ट वेगळं आणि छोटं ठेवा, उदाहरणार्थ सांगितलेल्या गोष्टीतला एकच प्रसंग सहा वाक्यांत. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मध्ये आहे. प्रमाणपत्र नसेल तर पालकांशी लवकर बोला, बोर्डाच्या परीक्षेतल्या सवलतींसाठी ते लागतं.

प्रश्न : कथेत मुलाने घरातल्या मारहाणीचं इतकं बारीक वर्णन केलं आहे की ते खरं असावं असं वाटतं. गुण द्यायचे की आणखी काही करायचं?
शिक्षक, पुणे

उत्तर : तपासणी बाजूला ठेवा. कथा वर्गात वाचून दाखवू नका, शिक्षकखोलीत चर्चा करू नका. मुलं भयानक गोष्टी कल्पनेनेही लिहितात, त्यामुळे निष्कर्षही काढू नका. पण त्याच दिवशी मुलाशी एकट्याशी, शांतपणे बोला : 'तुझी गोष्ट वाचली. यातलं काही तुझ्या किंवा ओळखीच्या कोणाच्या बाबतीत होतंय का?' खोदून विचारू नका. 'कोणालाही सांगणार नाही' असं वचन देऊ नका, ते पाळता येणार नाही. तो जे सांगेल ते त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि मुख्याध्यापकांना कळवा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहे, ती शिक्षकांनाही सल्ला देते. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सो कायदा, २०१२ नुसार पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणं बंधनकारक आहे. शाळेने आधी स्वतः चौकशी करत बसू नये.

प्रश्न : घरून लिहून आणलेल्या कथा कधी गाइडमधल्या, कधी मोबाइलवरच्या एआयने लिहिलेल्या वाटतात. सिद्ध कसं करायचं?
शिक्षक, औंध

उत्तर : सिद्ध करण्याच्या मागे लागू नका. एआयचं लेखन ओळखून देणारी अॅप खात्रीची नाहीत, त्यांच्या भरवशावर मुलावर आरोप करणं अन्यायाचं आहे. गुणांसाठीची कथा वर्गातच लिहून घ्या आणि आराखडा, खर्डा, पक्की प्रत असे तिन्ही कागद एकत्र जमा करून घ्या. ज्याने स्वतः लिहिलं त्याच्या खर्ड्यात खाडाखोड असतेच.

घरून आलेल्या कथेबद्दल शंका असेल तर दोन मिनिटं बोला : 'कंडक्टर भेटला नसता तर याने काय केलं असतं?' 'बहिणीला इतकं गप्प का ठेवलंस?' लिहिणाऱ्याकडे उत्तर असतं, चुकीचं का असेना. उत्तर नसेल तर शून्य न देता तेच पात्र घेऊन वर्गात नवा प्रसंग लिहायला सांगा आणि गुण त्याला द्या. पाठ केलेल्या कथांवर उपाय विषयातच आहे. तीन सक्तीचे तपशील घाला : मंडईची वेळ, तुटलेली चप्पल, उत्तर न देणारा माणूस. पाठ कथेत ते घुसवले की सांधा लगेच दिसतो.

प्रश्न : दहावीच्या कृतिपत्रिकेसाठी वेगळी तयारी हवी का?
विद्यार्थिनी, सदाशिव पेठ

उत्तर : थोडी. तिथे जागा आणि वेळ दोन्ही कमी असतात, म्हणून एकच प्रसंग, जास्तीत जास्त दोन पात्रं आणि एका दिवसाच्या आतला काळ घे. अपूर्ण कथा पूर्ण करायची असेल तर दिलेल्या भागातला निवेदक आणि काळ तसाच ठेव, बऱ्याच जणांचे गुण इथेच जातात. मुद्दे दिले असतील तर सगळे वापर, क्रम बदलू नकोस. शीर्षक शेवटी सुचलं तरी चालेल, लिहायला विसरू नकोस. घरी घड्याळ लावून आठवड्याला दोन कथा लिही आणि दुसऱ्या दिवशी प्रत्येकीतलं एक वाक्य कापून बघ. कथा तशीच राहिली तर ते वाक्य नकोच होतं.